दोन झेंड्यांच्या मध्ये

गेल्या महिन्यात आमच्या जीवरक्षक क्लबचा नवा सेक्रेटरी रॉस डेनिंग माझ्या बहिणीकडे केकचा डबा घेऊन आला, तेव्हाच मला कळलं की काहीतरी काम असणार. फुकटचा केक या क्लबने ऊनाला कधी दिलेला नाही. उलट क्लबसाठी तिने आजवर भाजलेले केक एकावर एक रचले तर टॅलोरा बीचवरच्या मनोऱ्याचं घड्याळ झाकलं जाईल.

"ऊना मावशी," रॉस म्हणाला. इथली सगळी पोरं तिला मावशीच म्हणतात, कारण निम्म्यांना तिनेच पोहायला शिकवलंय. "नोव्हेंबरमध्ये छोटे ड्यूकसाहेब येतायत आपल्या बीचवर. आपण मंचाजवळ तुमच्यासाठी खुर्ची ठेवलीय. तुम्हाला सन्मानपत्र देणार आहेत. त्यांच्या हस्ते!"

"कशाबद्दल?"

"म्हणजे, एवढ्या वर्षांच्या सेवेबद्दल. आता बायकांनाही क्लबात घेतो ना आपण. गेल्या वर्षीपासून."

"उपकार झाले," ऊना म्हणाली. "सदुसष्टाव्या वर्षी माझं घोडं गंगेत न्हालं म्हणायचं! रॉस, मला सन्मानपत्र नको. तुमच्या वहीतली एक ओळ खोडायचीय. ती खोडा, मी छोट्या ड्यूकशी हात मिळवते, पाहिजे तर त्याच्या आज्याशीही मिळवते."

रॉसने माझ्याकडे पाहिलं. मी केकचा डबा उघडण्यात गुंतलो. ती ओळ कुठली हे क्लबात सगळ्यांना ठाऊक आहे. १९५५ सालची गस्तीची वही, फेब्रुवारीची सव्वीस तारीख. तिथे लिहिलंय : 'मृत ऑसी प्रूएट, वय अडतीस, झेंड्यांच्या बाहेर पोहत होता.'

ही ओळ खोटी आहे. सव्वीस वर्षं माझी बहीण ते एकटी ओरडून सांगत होती, आणि एकाही माईच्या लालाने तिचं ऐकलं नाही. त्या लालांत मीही आलो.

*

आधी ऊना कोण ते सांगतो, म्हणजे मला राग कशाचा आहे ते कळेल.

आमची आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि ऊना तेवीसची. बाप बंदरावर हमाली करायचा आणि रात्री प्यायचा. मला ऊनानेच वाढवलं. तिचं लग्न लेस गॅरिटीशी झालं, तो युद्धात न्यू गिनीला गेला आणि तिकडेच कामी आला. पेन्शनीवर पोट भरेना म्हणून तिने बीचवरची कपड्यांची टपरी चालवायला घेतली. लांबून आलेल्या लोकांना पोहायचे कपडे आणि टॉवेल भाड्याने द्यायचे, परत आले की उकळत्या पाण्यात घालून धुवायचे. तिच्या हातांची सालं त्या साबणाने गेली ती कायमची.

पण पहाटे पाच वाजता ती पाण्यात असायची. हिवाळा असो, उन्हाळा असो. आणि पाणी वाचायची. लाट फुटते तिथे खाली वाळूचा बांध असतो, तिथे पोहायला धोका नाही. आणि जिथे लाट फुटत नाही, पाणी गुळगुळीत दिसतं, तिथे खाली खळगा. किनाऱ्यावर आलेलं सगळं पाणी त्या खळग्यातून परत समुद्रात धावतं. आम्ही त्याला ओढ म्हणतो. परगावचा माणूस हमखास त्या गुळगुळीत पाण्यातच उतरतो, कारण त्याला ते गरीब वाटतं.

मी क्लबात शिरलो, जीवरक्षकाची परीक्षा दिली, ती सगळी तिने घोटून घेतलेली. कमरेला दोराचा पट्टा कसा बांधायचा, दोराचं रीळ कसं सोडायचं, झेंडे कसे रोवायचे. तीच परीक्षा तिला द्यायची होती. क्लबने सांगितलं, बायकांचं शरीर दोर ओढायला बनलेलं नाही. हे ज्याने सांगितलं त्या माणसाला दोन वर्षांपूर्वी तिनेच पाण्यातून काढलं होतं. बायकांनी काय करायचं? सँडविचं करायची. आणि शनिवारी पडदे धुवायचे.

"जाऊ दे गं," मी म्हणायचो.

"जाऊ देतेच आहे," ती म्हणायची. "तुझ्या क्लबची सँडविचं मी थुंकून करत नाही हे नशीब समज."

आता झेंड्यांचं. लाल-पिवळे दोन झेंडे किनाऱ्यावर रोवतात. त्यांच्या मध्ये पोहायचं, बाहेर नाही. टॅलोराला पोरांना आधी हे शिकवतात, मग बाराखडी. दोन झेंड्यांच्या मध्ये आमच्या बीचवर कोणी मेलेलं नाही, ही क्लबची फुशारकी. आजही दारावर पितळेच्या पाटीवर कोरलेली आहे. आणि दुसरी गोष्ट : दम लागला, पाणी ओढायला लागलं, तर धडपडायचं नाही. एक हात सरळ वर करायचा आणि थांबायचं. माणसं येतात.

*

१९५५ साली मोठे ड्यूक आणि त्यांची बायको यायचे ठरले. छोट्याचे आईबाप. राजा बोले दल हाले म्हणतात, इथे राणीचा कोण कुठला चुलतभाऊ शिंकला तरी दल नाचत होतं. सहा आठवडे आम्ही वाळूत कवायत करत होतो. गुडघे उंच, छाती पुढे, टोप्या इस्त्रीच्या. कचऱ्याचे डबे पांढरे रंगवले. म्हातारा बिल नावाचा एक बेवडा बाकावर झोपायचा, त्याला ट्रकमध्ये घालून दुसऱ्या गावात सोडून आले. वाळूवर मंच बांधला, त्याला निळं कापड गुंडाळलं.

सेक्रेटरी तेव्हा पेलहॅम साहेब होते. मिशा मेणाने वळवलेल्या, बोलणं असं की तोंडात गरम बटाटा. त्यांनी कार्यक्रम आखला : ड्यूक येणार, राष्ट्रगीत, ड्यूक बसले की शिट्टी, आणि मग बुडणाऱ्याला वाचवण्याचं प्रात्यक्षिक. आमच्यातला नेव्हिल राष्ट्रगीत संपताच पोहत आत जाऊन थांबणार, एक हात सरळ वर करणार. कमरेला दोराचा पट्टा बांधलेला, म्हणजे आमचा पट्टेवाला, पोहत जाणार, आम्ही सहा जण रिळाने दोर ओढणार. मी रिळावर तिसरा.

आदल्या आठवड्यात दक्षिणेचा वारा सुटला होता आणि वाळू हलली होती. मंचाच्या बरोबर समोर खळगा पडला. ऊनाने पहाटे पोहून बघितलं आणि ओल्या केसांनीच पेलहॅमकडे गेली. मी तिथे होतो.

"साहेब, झेंडे उत्तरेला रिळांच्या शेडपाशीच ठेवा. मंचासमोर ओढ आहे. जबरदस्त आहे."

"मिसेस गॅरिटी, ड्यूकसाहेबांना लोक आनंदाने पोहताना दिसले पाहिजेत. शेडपुढचं पाणी मंचावरून नीट दिसत नाही."

"मग मंच हलवा."

"मंच!"

"लाकडाचा तर आहे. समुद्र हलवता येत असेल तर तो हलवा."

पेलहॅमने मिशीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "बघू." ऊनाला वाटलं त्याला पटलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी झेंडे खरंच शेडपाशी होते. ती खूश झाली. मला म्हणाली, "मेल्याला अक्कल आहे म्हणायची."

सकाळी आठला टपरीवर एक जोडपं आलं. ऑसी प्रूएट आणि त्याची बायको डल्सी. समुद्रापासून आत चारशे मैलांवरच्या गावचे. तो रेल्वेत सिग्नल पाडायचा. लग्नाला दहा वर्षं झालेली, समुद्र पहिल्यांदा बघत होते. मी शेजारीच दोर सुकवत होतो.

"ड्यूक बघायला आलात?" ऊनाने विचारलं.

"ही ड्यूक बघायला आलीय," ऑसी म्हणाला, "मी समुद्र. बाई, मला पोहता येतं, पण आमच्या धरणात. इथलं काही नियमबियम असेल तर सांगा. मी नियमाचा माणूस आहे. सिग्नल लाल असला तर बापालाही सोडत नाही."

"हा माणूस स्वयंपाकघराच्या दारातही थांबतो," डल्सी म्हणाली, "हिरवा कंदील दाखवल्याशिवाय आत येत नाही."

ऊना हसली. तिने त्याला हिरवा पोशाख दिला आणि सांगितलं, "दोनच नियम. ते लाल-पिवळे झेंडे दिसतात ना, त्यांच्या मध्ये राहायचं. आणि दम लागला तर एक हात सरळ वर करून थांबायचं. आमची पोरं येतील."

"झेंड्यांच्या मध्ये. हात वर," त्याने पाठ म्हणून दाखवलं. नेमक्या त्याच दोन गोष्टी पाळून मेला बिचारा.

*

दहा वाजता ऊनाला आणि बाकीच्या बायकांना क्लबच्या स्वयंपाकघरात डांबलं. ड्यूकच्या बायकोला काकडीची सँडविचं लागतात, कडा कापलेली. तीनशे. खिडकी मागच्या बाजूला, गल्लीकडे. तिकडून समुद्र दिसत नाही.

साडेदहाला पेलहॅमने मला हाक मारली. "टूही! झेंडे इकडे आण. मंचासमोर."

मी म्हणालो, "साहेब, ऊना म्हणत होती..."

"ऊना क्लबची सभासद आहे का?"

"नाही साहेब."

"तू आहेस?"

"हो साहेब."

"राहायचंय?"

झालं. एवढंच. चोवीस वर्षांचा होतो, छातीवर नवा बिल्ला होता. मी झेंडे उपटले, नव्वद पावलं चालत आणले आणि खळग्याच्या तोंडावर रोवले. वारा होता म्हणून प्रत्येक काठीला दोरीचा ताण दिला, वाळूत खुंटी ठोकली आणि गाठ मारली. माझ्या हातांनी. स्वयंपाकघराचं दार वीस पावलांवर होतं. आत जाऊन तिला एक शब्द सांगायचा होता. तिने तमाशा केला असता, ड्यूकसमोर केला असता, आणि म्हणूनच मी गेलो नाही. मूग गिळून रिळापाशी जाऊन उभा राहिलो. ऊना माझ्याबद्दल काय म्हणेल याची भीती वाटली नाही, पेलहॅम काय म्हणेल याची वाटली. थू माझ्या जिनगानीवर!

झेंडे हलले तसे पोहणारेही हलले. सात-आठ जण होते फक्त, बाकी सगळे ड्यूकच्या वाटेकडे डोळे लावून. ऑसी शेडपाशी उतरला होता. झेंडे हललेले दिसले, तर हा नियमाचा माणूस पाण्यातून बाहेर आला, वाळूवरून नव्वद पावलं चालला आणि दोन झेंड्यांच्या मध्ये पुन्हा उतरला. मी त्याला चालताना पाहिलं. हिरवा पोशाख, पांढरे पाय. त्याने मला सलाम ठोकला, गमतीने. मी ठोकला नाही, कारण आम्हाला हलायची परवानगी नव्हती.

गाड्या आल्या. ड्यूक उतरले. बँडने राष्ट्रगीत सुरू केलं.

राष्ट्रगीत सुरू झालं की टॅलोरात माणूस ताठ. पोहणारेसुद्धा पाण्यातून बाहेर येऊन, थेंब गाळत, हात शिवणीला लावून उभे राहिले. ऑसी सोडून सगळे आले. त्याला येताच येत नव्हतं, तो पाठीमागे पाठीमागे जात होता. आणि मग त्याने सांगितल्याप्रमाणे केलं. एक हात सरळ वर केला आणि थांबला.

मी पाहिलं. आम्ही सहाही जणांनी पाहिलं. माझ्या हातात दोर होता. मला वाटलं, नेव्हिल आज लवकर गेला आत.

हे वाक्य मी सव्वीस वर्षं चघळतोय. मला खरंच वाटलं का, की वाटून घेतलं? कारण नेव्हिल लाल टोपी घालून जाणार होता, आणि त्या डोक्यावर टोपी नव्हती.

राष्ट्रगीत संपलं तेव्हा तो बराच आत गेला होता. कर्ण्यावर पेलहॅमच होता. त्याने समुद्राकडे बघितलं आणि त्याचा चेहरा खुलला. "सर, मॅडम, बंधुभगिनींनो! आपला बुडणारा तयार आहे. बघा, कसा हात वर करून शांत थांबलाय! असंच करायला आम्ही लोकांना शिकवतो!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हजारोंनी. ड्यूकने वाजवल्या. पहिल्या रांगेत दोरीपाशी डल्सी प्रूएट उभी होती, मी तिला ओळखलं. ती पण टाळ्या वाजवत होती, टाचा उंच करकरून.

ड्यूक अजून बसले नव्हते. कोणाशी तरी हात मिळवत होते. ते बसले की शिट्टी. आम्ही ताठ.

तेवढ्यात ऊना तबक घेऊन स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर आली. दाराशी नेव्हिल उभा होता, लाल टोपी डोक्यावर, कोरडा ठणठणीत, सिगरेट ओढत. तिने नेव्हिलकडे बघितलं, मग पाण्यातल्या हाताकडे, मग झेंड्यांकडे. तबक टाकलं. सँडविचं वाळूत. अ‍ॅप्रन बांधलेला, पायांत बूट, तशीच मंचासमोरून धावत सुटली आणि दोन झेंड्यांच्या मधून पाण्यात घुसली. ओढीवरच स्वार झाली, कारण ओढच तिला त्याच्यापर्यंत लवकर नेणार होती.

लोक हसले. त्यांना वाटलं हाही कार्यक्रमच. कोणीतरी ओरडलं, "आचारीण पण बुडाली!" ड्यूक बसले. शिट्टी झाली. मग पट्टेवाला गेला. हात तोवर खाली गेला होता.

ऊनाने त्याला तळातून वर काढलं. पट्टेवाला पोहोचला, तिघांना मिळून आम्ही ओढलं. दोर ओढताना पेलहॅम हळूच म्हणत होता, "लयीत ओढा, लयीत."

त्याला शेडच्या मागे नेलं आणि वरून ताडपत्री धरली. ऊना तेव्हाच्या रीतीप्रमाणे पाऊण तास त्याच्या पाठीवर दाब देत होती. मग उठली आणि बायकांना म्हणाली, "बायको बघा कुठाय त्याची." बँडला जोरात वाजवायला सांगितलं होतं. ड्यूक आणि त्यांच्या बायकोला शेवटपर्यंत काही कळलं नाही. जाताना म्हणाले म्हणे, प्रात्यक्षिक फार हुबेहूब होतं.

आणि ताडपत्रीखाली ते चाललं असताना पेलहॅम माझ्यापाशी आला. "टूही, झेंडे होते तिथे लाव. आत्ता." दुसऱ्यांदा उपटले मी. पहिल्यांदा मला माहीत नव्हतं काय होणार. दुसऱ्यांदा सगळं माहीत होतं.

*

वहीत ती ओळ पेलहॅमने लिहिली. चौकशीत आम्ही सहा जणांनी सही केली. क्लब बंद पडेल, ड्यूकचं नाव गोवलं जाईल, पाटीवरचं वचन खोटं पडेल. आणि मेलेला काय परत येतो का? असं पेलहॅम म्हणाला.

ऊना चौकशीत उभी राहिली. "मी स्वतः दोन झेंड्यांच्या मधून पाण्यात गेले," ती म्हणाली. "तो मध्येच होता."

समोरच्या अधिकाऱ्याने विचारलं, "आपण जीवरक्षक आहात?"

"मला होऊ देत नाहीत."

"म्हणजे नाही. आपण काय करता?"

"कपडे भाड्याने देते."

त्याने कागदावर काहीतरी लिहिलं आणि तिला बसायला सांगितलं. डल्सी मागच्या बाकावर होती. तिने ऐकलं ते असं : नवरा झेंड्यांच्या बाहेर गेला. नियमाचा माणूस, आणि नेमका तिथेच नियम मोडला.

ऊनाने तिला पत्र लिहिलं. डल्सीचं उत्तर आलं : 'तुम्ही माझं मन राखायला लिहिता, पण क्लबचा कागद आहे, सहा सह्या आहेत.' ऊनाने ते पत्र माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. "सहा सह्या," ती म्हणाली. "त्यातली एक माझ्या घरात रविवारी जेवायला असते."

तेव्हापासून दर सव्वीस फेब्रुवारीला ती मला जेवायला बोलवायची. जेवण वाढायची आणि विचारायची, "मर्व्ह, झेंडे कोणी हलवले, काही आठवलं का?" मी म्हणायचो, "नाही गं, गर्दी होती." ती बटाटे वाढायची. सव्वीस वेळा. चिडली असती, भांडली असती, ताट फेकलं असतं तर बरं झालं असतं. त्या बटाट्यांचा मला राग यायचा. पेलहॅम मेला, त्याच्या नावाचा बाक बसवला. पाच सह्यांपैकी तीन मेल्या, एक वेडा झाला, एक क्वीन्सलंडला गेला. उरलो मी. क्लबचा आजीव सभासद, पितळी बिल्ल्यांचं दुकान. ऊना मात्र बीचवर झेंडे रोवले की रोज सकाळी जाऊन बघायची, बरोबर जागी आहेत का. पोरं तिला हसायची. चुकीचे असले तर स्वतः उपटून हलवायची, आणि कोणाची टाप नव्हती तिला अडवायची.

*

तर रॉसने केक ठेवला आणि म्हणाला, "मावशी, वहीचं आपण कार्यक्रमानंतर बघू."

"बघू," ऊना म्हणाली. "हा शब्द मी ऐकलाय." मग थोडं थांबून म्हणाली, "बरं. खुर्ची ठेवा माझी."

मला आश्चर्य वाटलं. मंचावर छोट्या ड्यूकची ओळख करून द्यायचं काम माझ्याकडे होतं, जुना माणूस म्हणून. रॉसने भाषण टाइप करून दिलेलं. 'टॅलोराची थोर परंपरा' वगैरे. 'दोन झेंड्यांच्या मध्ये इथे आजवर एकही जीव गेलेला नाही' हे पण त्यात होतं.

कार्यक्रमाच्या सकाळी ऊना मला म्हणाली, "माझ्या खुर्चीत दुसरं कोणीतरी बसेल. मी झेंड्यापाशी उभी राहणार आहे."

"कोण बसेल?"

"बघशील."

मंचावर चढलो. छोटे ड्यूक, गोरेपान, उन्हाने नाक सोललेलं, हसतमुख. त्यांचा काही दोष नाही. पहिल्या रांगेत पांढऱ्या कापडाच्या खुर्चीवर, 'मिसेस ऊना गॅरिटी' असं लिहिलेल्या चिठ्ठीवर, एक पिकल्या केसांची बाई बसली होती. मांडीवर पर्स, दोन्ही हात पर्सवर. मी कर्ण्यापाशी गेलो तशी तिने रीत म्हणून टाळ्या वाजवल्या. बसल्या बसल्या टाचा उचलत टाळ्या वाजवायची ती ढब मी ओळखली. पायाखालची वाळू सरकणं काय असतं ते आम्हा समुद्रावरच्या लोकांना चांगलं कळतं, पण मंचावर लाकूड होतं तरी सरकली.

मी कागद वाचायला घेतला. थोर परंपरा वाचली. शौर्य वाचलं. मग ती ओळ आली, दोन झेंड्यांच्या मध्ये एकही जीव. मी कागद खाली केला. रॉस खालून खुणा करत होता, पुढे, पुढे. लांब वाळूवर ऊना झेंड्याची काठी धरून उभी होती. काही खूण करत नव्हती.

"हे खोटं आहे," मी कर्ण्यावर म्हणालो. "१९५५ साली ऑसी प्रूएट मेला, तो दोन झेंड्यांच्या मध्येच होता. झेंडे चुकीच्या जागी होते. ते मी हलवले होते. मी, मर्व्हिन टूहीने. तो मेल्यावर मीच परत नेले. त्याने सांगितलं तसंच केलं होतं. हात वर केला होता, आणि आम्ही ताठ उभे होतो. वहीत खोटं लिहिलंय, आणि खाली माझी सही आहे."

रॉसने वायर खेचली. बँड सुरू झाला, कारण बँड नेहमी सुरू होतो. छोटे ड्यूक शेजारच्या माणसाला विचारत होते, काय म्हणाले ते, आणि शेजारचा माणूस म्हणाला, जुन्या आठवणी सांगत होते सर.

मी खाली उतरलो. डल्सी उठून उभी होती.

"मध्ये होता?" तिने विचारलं.

"हो."

"नक्की?"

"नक्की, बाई. शेडपासून चालत आला, झेंडे हलले म्हणून."

तिने मला मारलं नाही. मारायला हवं होतं. ती म्हणाली, "सव्वीस वर्षं मी त्याच्या थडग्यावर जाऊन त्याला शिव्या घातल्या. दर रविवारी. एकदा, फक्त एकदाच नियम मोडलास आणि मला विधवा केलंस, म्हणायची. त्याने मोडलाच नव्हता." आणि मग ओरडली, बँडच्या वरताण, "मोडलाच नव्हता! ऐकताय का सगळे?" पोलीस आला. ती पोलिसालाही म्हणाली, "मोडलाच नव्हता." त्याला काय कळणार? तो म्हणाला, बरं बाई, बसा.

ऊना वाळूवरून चालत आली. मी तिच्याकडे बघितलं, मला वाटलं ती काहीतरी चांगलं बोलेल. पन्नाशीचा घोडा झालो, तरी वाटलं. तिने स्वेटरच्या खिशातून एक लाकडी खुंटी काढली. वाळूत ठोकतात तसली. तिला दोरीचा कुजका तुकडा होता, आणि दोरीला गाठ.

"त्या दिवशी ताण काढायच्या घाईत तू एक खुंटी विसरलास," ती म्हणाली. "मंचासमोर वाळूत सापडली मला, संध्याकाळी. गाठ उलटी आहे. अख्ख्या क्लबात डावखुरा तू एकटा. ही गाठ मीच शिकवली तुला, आरशात बघून."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग चौकशीत दाखवली का नाहीस?"

"तू माझा भाऊ होतास म्हणून," ऊना म्हणाली. तिचा आवाज फाटला. आजवर मी तो असा ऐकला नव्हता. "वाटलं, पुढच्या वर्षी स्वतः सांगेल. मग त्याच्या पुढच्या वर्षी. तुझी वाट बघत बसले आणि या बाईला तिच्या नवऱ्याला शिव्या घालू दिल्या. पेलहॅमने लिहिलं, तू सही केलीस, आणि मी हे खिशात ठेवलं. तिघंही सारखीच."

मी हात पुढे केला. मला वाटलं खुंटी ती मला देतेय. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. ती डल्सीच्या हातात दिली.